गोळी एकच, असर वेगवेगळा का?

नांदेड असो की लातूर, आज जवळपास प्रत्येक मोहल्ल्यात स्टेंट बसवलेले एखादे चाचा किंवा खाला भेटतात. त्यांच्या गोळ्यांच्या पिशवीत बहुतेक वेळा क्लोपिडोग्रेल असते. रक्ताची गुठळी होऊन स्टेंट बंद पडू नये, यासाठी ही गोळी. पण ती सगळ्यांना सारखी लागू पडत नाही. असं का होतं, ते आम्ही इथे सोप्या शब्दांत सांगत आहोत.

ही गोळी पोटात गेल्यावर लगेच काम करत नाही. आधी यकृतात तिचं औषधात रूपांतर व्हावं लागतं. हे काम मुख्यतः 'सीवायपी२सी१९' नावाचं एन्झाइम करतं. ते बनवणाऱ्या जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. एक प्रत कमजोर असली तर गोळीचा असर घटतो. दोन्ही कमजोर असल्या तर फारच घटतो. नात्यातल्या लग्नांत दोन्हीकडून कमजोर प्रत येण्याची शक्यता थोडी वाढते.

लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या पाकिस्तानी आणि बांगलादेशी वंशाच्या लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ५७ टक्के लोकांत किमान एक प्रत कमजोर होती, १३ टक्क्यांत दोन्ही. भारतातही हे प्रमाण युरोपपेक्षा जास्त आहे. मात्र हा 'मुसलमानांचा आजार' समजू नका. शेजारच्या हिंदू, बौद्ध घरांतही हेच जनुक सापडतं. म्हणूनच 'जीनोम इंडिया' प्रकल्पात देशातल्या ८३ समाजगटांतल्या सुमारे १० हजार लोकांची जनुकं वाचली गेली.

अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१० मध्येच या गोळीवर ठळक इशारा छापायला लावला. पर्याय आहेत: प्रासुग्रेल, टिकाग्रेलॉर. पण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, त्यामुळे निर्णय डॉक्टरांचाच.

मग घरात काय करायचं?

हे वाचून गोळी बंद करू नका. अचानक बंद केली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन जीवावर बेतू शकतं.

सहेरीनंतर पित्त झालं म्हणून मेडिकलमधून ओमेप्राझोल आणून घेऊ नका. ते याच एन्झाइमला अडवतं आणि क्लोपिडोग्रेलचा असर कमी करतं. पित्तासाठी कोणती गोळी चालेल, ते डॉक्टरांना विचारा.

'भाईजानला लागू पडली' म्हणून त्यांची गोळी अब्बांना देऊ नका.

गोळी चालू असतानाही घरात कुणाला पुन्हा अटॅक आला असेल, तर ते डॉक्टरांना जरूर सांगा. जनुकाची तपासणी रक्त किंवा लाळेवरून होते. ती प्रत्येकाला लागतेच असं नाही. आपल्याला हवी का, हे हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. विचारण्यात संकोच कसला? जान आपल्या माणसाची आहे.