परसबागेची अवजारे : थोडी घ्या, पण पारखून घ्या



उसाच्या अवजारांची निवड आपण चार ठिकाणी विचारून करतो. घरामागची परसबाग मात्र बहुधा भगिनीच सांभाळतात, आणि तिथं शेतावर निकामी झालेलं, दांडा हलणारं अवजार धाडून दिलं जातं. हे काही बरे नव्हे. वांगी, मेथी, दोडका आणि लिंब-कढीपत्त्याची दोन-चार झाडे, एवढ्याला कुदळ, खोरे, खुरपे, विळा आणि झारी पुष्कळ झाली.

आधी जमीन बघावी. मांजरा व तेरणेकाठच्या काळ्या रानात कुदळ-खोऱ्यावर भागते. वापसा येण्यापूर्वी मात्र उतरू नये. चिखल पात्याला चिकटतो आणि विनाकारण वजन उचलावे लागते. तुळजापूरच्या बाजूला बालाघाटाच्या मुरमाड माथ्यावर टिकाव आणि पहार लागते. पण ती वर्षातून एखाद-दोनदाच, तेव्हा शेजाऱ्याकडून मागून आणावी.

सगळ्यात जास्त पारख हवी ती खुरप्याची. बाजारात पातळ पत्र्याचं चकचकीत खुरपं स्वस्त मिळतं, पण त्याची धार लवकर वळते. त्यापेक्षा गावच्या लोहाराकडून ट्रकच्या जुन्या पाट्याचे घडवून घ्यावे. पाट्याचे पोलाद कणखर असते. पाणी देताना पाते फार कडक झाले तर टवका उडतो, मऊ राहिले तर धार बसत नाही. म्हणून घाई न करणारा लोहार गाठावा. आणि मूठ जिने वापरायची तिच्याच हातात देऊन बघावी. कारभाऱ्यांनी परस्पर बाजारातून आणू नये, हे आमचं स्पष्ट मत आहे!

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात शेतमजुरांना आखूड दांड्याच्या कुदळीने दिवसभर वाकून विरळणी-खुरपणी करावी लागे. पाठीची कायमची दुखणी जडू लागली. मजुरांनी दाद मागितली आणि १९७५ साली त्या अवजाराचा वापर बंद झाला. आपल्याकडं वाकलेली पाठ दिसली की "वय झालं" म्हणून आपण मोकळे होतो. परसबागेत दोन ओळींतले तण उभ्याने काढता येते. त्यासाठी छातीपर्यंत येणाऱ्या दांड्याचे हातकोळपे घ्यावे. खुरपे फक्त रोपाच्या बुडाशी चालवावे. पैसे कमी असतील तर विळा पुढच्या वर्षी घ्या, पण कोळपे आधी घ्या.

उसाचा कोयता लिंबाच्या फांदीवर चालवू नये. (तोडणीत 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी, इतकं ते भारी काम!) फांदी चिरते, साल सोलते आणि तिथून रोग शिरतो. छाटणीची कात्री चार घरांत मिळून एक घेतली तरी चालते.

दांडा बाभळीचा, सरळ रेषांचा, गाठ नसलेला निवडावा. ढिला झाला तर खिळा ठोकू नये, लाकूड फाटते, पाचर मारावी. काम झाल्यावर पाते पुसून तेलाचा बोळा फिरवावा आणि अवजार पोरांच्या हाताला लागणार नाही असे उंच टांगावे. मातीने माखलेल्या पात्याने कापले तर नुसती हळद दाबून गप्प बसू नये. जखम धुऊन लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारावे.