‘नेटवर टाकलं म्हणजे राहिलं’ हा भ्रम

‘एकदा नेटवर गेलं की ते कायमचं राहतं’ हे विधान इतक्या ठामपणे केलं जातं की त्याला कुणी पुरावा मागत नाही. नवीन जालन्यातली सभा, मोर्चा किंवा बाजार समितीतला वाद आज छापील अंकाच्या आधी फेसबुक लाइव्हवर, यूट्यूबवर आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो, आणि चित्रण करणाराही ते जतन झालं असं धरून चालतो. ते जतन झालेलं नसतं! पोचलेला संदेश व्हॉट्सॲप आपल्या सर्व्हरवर ठेवत नाही, न पोचलेला ३० दिवसांनी पुसतं आणि स्टेटसचं आयुष्य तर २४ तासांचं. फेसबुकने फेब्रुवारी २०२५ मध्ये नियम केला की लाइव्ह व्हिडिओ ३० दिवसांनी आपोआप काढला जाईल. हे अपवाद वाटत असतील त्यांनी प्यू रिसर्च सेंटरचा २०२४ चा अभ्यास पाहावा. २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. २९ जून २०२० ला केंद्र सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली, त्यांत टिकटॉक होतं, आणि गावोगावच्या कलाकारांनी तिथे उभं केलेलं काम इथल्या प्रेक्षकांना दिसेनासं झालं. बंदी योग्य होती की नाही, हा वाद वेगळा.

जालना जिल्ह्याला तरी असं हरवण्याची किंमत कळायला हवी. १ सप्टेंबर २०२३ रोजी अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठीच्या उपोषणस्थळी लाठीमार झाला आणि राज्याचं राजकारण ढवळून निघालं. त्या दिवसाची चित्रणं फोनवर झाली आणि फोनवरूनच फिरली. पुढे हा इतिहास लिहिणाऱ्याला मूळ फाइल लागेल, ती कुणी, कुठून, किती वाजता घेतली या माहितीसकट. ग्रुपमागून ग्रुप फिरताना चित्रण दाबून लहान केलं जातं, ही माहिती गळते, आणि उरते ती कुठल्याही घटनेला चिकटवता येणारी क्लिप.

यावर हमखास विचारलं जातं, ‘मग बदनामीचा फोटो का जात नाही?’ कारण त्याच्या प्रती काढण्यात हजारोंना रस असतो. टिकतं ते प्रतींमुळे. महापालिकेच्या पाणीपुरवठ्यावरच्या बातमीची प्रत कोण काढून ठेवणार? दुसरा आक्षेप असा की वेबपानं साठवून ठेवणारं इंटरनेट आर्काइव्ह आहेच. १९९६ पासून चालू असलेलं ते काम थोर आहे, यात शंका नाही. पण त्याचं यंत्र सार्वजनिक पानं टिपतं, तीही सगळी नाहीत. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये त्याला प्रवेशच नाही. आणि ऑक्टोबर २०२४ मधल्या सायबर हल्ल्यानंतर ते स्वतःच काही दिवस बंद पडलं होतं.

बाकीचे समज लवकर उरकता येतात. ‘गूगलला सापडत नाही म्हणजे नाहीच’ हे खोटं, कारण युनिकोडपूर्व फाँटमधलं जुनं मराठी पान शाबूत असूनही मराठी शब्दाने शोधता येत नाही. ‘डिलीट केलं की संपलं’ हेही खोटं, दुसऱ्याने उतरवून घेतलेल्या प्रतीवर आपलं डिलीट चालत नाही.

छापील वृत्तपत्राला निदान कायद्याचा आधार आहे. ठरलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांना प्रत पाठवण्याचं १९५४ च्या कायद्याने पुस्तकांवर आलेलं बंधन १९५६ च्या दुरुस्तीने वृत्तपत्रांनाही लागू झालं. ब्रिटनने २०१३ मध्ये तसाच नियम संकेतस्थळांना लावला. आपला कायदा मात्र अजून छापील कागदापाशीच थांबला आहे, आणि तो बदलावा ही मागणी आधी जिल्ह्याच्या पत्रकारांनीच करायला हवी, कारण सर्वांत जास्त गळतं ते त्यांचंच काम. तोपर्यंत मूळ फाइल नावात तारीख आणि ठिकाण घालून दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी, आणि बातमीचं पान सार्वजनिक असेल तर त्याचा पत्ता इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये स्वतः नोंदवावा. या नोंदणीला पैसे पडत नाहीत.