अमेरिकन गॅलनचे लिटर कसे करावेत?

अमेरिकेतील कृषी विद्यापीठांची पत्रके आता आपल्या खेड्यांतूनही वाचली जातात. त्यांत फवारणीच्या औषधांची प्रमाणे गॅलन, क्वार्ट, पिंट व द्रव-औंस या मापांत दिलेली असतात. ती लिटरमध्ये बिनचूक उतरविली नाहीत, तर द्रावण पातळ होऊन कीड जिवंत राहते, अथवा अति तीव्र होऊन पाने करपतात.

अमेरिकन मापे पुढीलप्रमाणे आहेत :

१ गॅलन = ४ क्वार्ट = ८ पिंट = १२८ द्रव-औंस
१ गॅलन = ३.७८५ लिटर
१ क्वार्ट = ९४६ मिलिलिटर
१ पिंट = ४७३ मिलिलिटर
१ द्रव-औंस = २९.६ मिलिलिटर

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. गॅलन दोन प्रकारचा असतो. १९५६ च्या कायद्यान्वये आपल्या देशाने मेट्रिक पद्धती स्वीकारली. तत्पूर्वी येथे ब्रिटिश गॅलन प्रचलित होता. तो ४.५४६ लिटरचा असून त्याचे १६० द्रव-औंस होतात. जुन्या पुस्तकांतील हे कोष्टक अमेरिकन पत्रकास लावल्यास हिशेब चुकतो.

समजा, अमेरिकन पत्रकात एक गॅलन पाण्यास एक द्रव-औंस निंबोळी तेल मिसळण्यास सांगितले आहे. २९.६ ला ३.७८५ ने भागले असता दर लिटरास सुमारे ७.८ मिलिलिटर हे प्रमाण निघते. १५ लिटरच्या पंपास ११७ मिलिलिटर तेल लागेल. ब्रिटिश कोष्टकाने मात्र लिटरास ६.२५ मिलिलिटर, म्हणजे पंपास ९४ मिलिलिटरच येते. द्रावण एक-पंचमांशाने सौम्य होते आणि खर्च व श्रम वाया जाण्याचा संभव असतो.

प्रमाण एकरी दिले असल्यास प्रथम त्याचे मिलिलिटर करावेत व हेक्टरी प्रमाणासाठी त्यास २.४७ ने गुणावे. उदाहरणार्थ, एकरी २ पिंट म्हणजे एकरी ९४६ मिलिलिटर, अर्थात हेक्टरी सुमारे २.३४ लिटर.

भुकटीचा औंस हा वजनाचा असून तो २८.३५ ग्रॅम भरतो. भुकटी तराजूनेच तोलावी. द्रवाच्या मापाने घेऊ नये.

अखेरीस इतकेच सांगावयाचे की, हे रूपांतर परदेशी माहिती समजून घेण्यासाठी आहे. एकाच नावाच्या औषधात मूळ घटकाचे प्रमाण निरनिराळे असू शकते. म्हणून प्रत्यक्ष फवारणी करताना आपण विकत घेतलेल्या डब्यावरील मात्राच प्रमाण मानावी, आणि गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकरी बंधूंना ती वाचून दाखवावी.