फिलिपिनो जेवण : आंबट चवीची पहिली ओळख

थाई किंवा चिनी जेवणाची अपेक्षा मनात ठेवून फिलिपिनो उपाहारगृहात प्रथमच जाणाऱ्याचा पहिल्या घासाला थोडा हिरमोड होण्याची शक्यता असते. मिरचीचा ठसका नाही, मसाल्याचा दरवळ नाही. भातासोबत आलेला रस्सा नुसताच आंबट! मात्र या आंबटपणातच फिलिपिनो पाककलेचे मर्म आहे.

'आदोबो'चेच पाहा. कोंबडीचे किंवा डुकराचे मांस व्हिनेगर, सोया सॉस, लसूण, तमालपत्र आणि काळी मिरी घालून मंद आचेवर शिजवायचे. नाव स्पॅनिश असले, तरी व्हिनेगरमध्ये शिजवण्याची रीत स्पॅनिश अमलापूर्वीची मानली जाते. दमट हवेत मांस टिकावे, हा त्यामागील व्यवहार. गोव्याच्या विंदालूतही व्हिनेगर असते; पण तेथे मिरची-मसाल्याचा जोर असतो, येथे तो नसतो. 'सिनिगांग' या पातळ रश्श्यात चिंच घालतात, तर कधी कोकणवासीयांच्या ओळखीची बिलिंबी.

पदार्थ अळणी वाटला, तर दोष बहुधा खाणाऱ्याचा असतो. टेबलावरील छोट्या वाटीकडे त्याचे लक्ष गेलेले नसते. व्हिनेगर, 'पातिस' हा माशांपासून केलेला खारट रस, 'कालामान्सी' हे इवलेसे लिंबू आणि मिरची यांचे मिश्रण ज्याने त्याने आपल्या जिभेप्रमाणे करायचे. यालाच 'सावसावान' म्हणतात. फिलिपिनो खाद्यसंस्कृतीच्या अभ्यासक डोरीन फर्नांडेझ (१९३४-२००२) यांनी या प्रथेकडे स्वयंपाक्याच्या कामातील खाणाऱ्याचा सहभाग म्हणून पाहिले. वरून चव बदलल्याने तेथे स्वयंपाक्याचा अवमान होत नाही.

शाकाहारी मंडळींनी मात्र सावध राहावे. नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पाने, म्हणजे 'लाइंग', पाहून मराठी माणसाला घरची आठवण होईल. 'पिनाकबेत'मध्ये तर वांगी, भेंडी, कारली आणि भोपळा असतो. पण या दोन्हींत बहुधा 'बागोओंग', म्हणजे मुरवलेल्या कोळंबीचा किंवा माशांचा खारट लगदा, घातलेला असतो. तेथे त्याची गणना मिठासारखीच होते. त्यामुळे 'मांस नाही ना?' एवढे विचारून भागत नाही; बागोओंगचे नाव घेऊनच विचारावे लागते.

अखेरीस येतो 'हालो-हालो' : किसलेला बर्फ, आटवलेले दूध, पाकातली कडधान्ये आणि वर जांभळ्या कोनफळाचा गोड गोळा. नावाचा अर्थच 'मिसळ-मिसळ'. उंच पेल्यात तो थर लावून समोर ठेवला जातो; तळापासून ढवळायचा, तो खाणाऱ्यानेच.