कर्कश गाण्यांतील माणूस

गेल्या गणेशोत्सवांत आमच्या घरीं एक लहानसा वाद झाला. आरतीच्या वेळीं माझ्या थोरल्या बंधूंचा नातू माधव काळा सदरा घालून देवघरांत आला. सदऱ्यावर रक्त ठिबकणाऱ्या अक्षरांत ‘डेथ’, म्हणजे ‘मृत्यु’, असा इंग्रजी शब्द छापलेला होता. सुनांनीं नाकें मुरडलीं, पुतण्यानें सदरा बदलून येण्यास फर्माविलें, आणि माधव आरती न घेतांच आपल्या खोलींत निघून गेला. रात्रीं हें वेड बंद करावें कीं काय, असा प्रश्न निघाला, तेव्हां घरांतील वडीलधारा म्हणून निकाल देण्याचें काम माझ्याकडे आलें. न ऐकतां निकाल देणें मला योग्य वाटेना. “महिनाभर मी तें गाणें ऐकतों, मग बोलतों,” असें सांगून मीं मुदत मागून घेतली. त्या महिन्याची हकीकत येथें देत आहें.

‘डेथ’ हा अमेरिकेंतील फ्लॉरिडा संस्थानांतला एक वाद्यवृंद. त्याचा कर्ता चक शुल्डिनर १९६७ सालीं न्यूयॉर्क संस्थानांत जन्मला व फ्लॉरिडांत वाढला. तो नऊ वर्षांचा असतां त्याचा सोळा वर्षांचा वडील भाऊ वारला. पोराचें दुःख हलकें व्हावें म्हणून आईबापांनीं त्याला गिटार आणून दिली. शिकवणी त्याला रुचली नाहीं, ती लवकरच सुटली. गिटार मात्र सुटली नाहीं. १९८३ सालीं, ऐन सोळाव्या वर्षीं, त्यानें दोघां मित्रांसह ‘मँटास’ नांवाचा वृंद काढला आणि पुढल्या वर्षीं त्याचें नांव ‘डेथ’ ठेवलें. त्या काळीं असल्या गाण्यास रेडिओवर थारा नव्हता. घरगुती ध्वनिफिती टपालानें देशोदेशींच्या शौकिनांकडे जात, त्यांच्या नकला होत, आणि नकलांच्याही नकला होत. याच वाटेनें त्याचें नांव झालें. आज ज्यास ‘डेथ मेटल’ म्हणतात, त्या संगीतप्रकाराच्या आद्य प्रवर्तकांत त्याची गणना होते.

पहिल्या दिवशीं मीं १९८७ सालची पहिली ध्वनिमुद्रिका, ‘स्क्रीम ब्लडी गोर’, लावली. दुसऱ्या गाण्यापलीकडे माझी मजल गेली नाहीं. गिरणींतील यंत्रांची घरघर आणि तींत कोणाचें तरी गुरगुरणें, एवढेंच मला ऐकूं आलें. माधवाला हें सांगतांच तो प्रथमच हसला. “आजोबा, आरंभ येथून करूं नका. दुसरीपासून करा, शब्द समोर ठेवा, आणि गायकाकडे लक्षच देऊं नका, गिटारीकडे द्या.”

हा उपदेश मोलाचा ठरला. या प्रकारांत गिटारीच्या तारा नेहमींपेक्षां खालीं उतरविलेल्या असतात, आणि विजेच्या साहाय्यानें त्यांचा नाद मुद्दाम फाडलेला असतो. ढोलावर दोन्ही पायांनीं आघात होतात. गायक स्वर लावीत नाहीं, घशांतून घोगरा ध्वनि काढतो. म्हणून त्याच्यांत सूर शोधणारा हटकून निराश होतो. तो आवाज तालवाद्यासारखा ऐकावा. खरा आधार असतो तो गिटारीवर पुनःपुनः येणाऱ्या लहानशा स्वरसमूहाचा. त्यास ‘रिफ’ म्हणतात. बंदिशीचा मुखडा ओळखतां आला कीं गवई कोठें आहे हें जसें कळूं लागतें, तसेंच येथेंही आहे. द्रुत लयींतून एकदम ठाय लयींत उतरण्याची या मंडळींना मोठी हौस. चार दिवसांनीं तो मुखडा परत केव्हां येणार, हें मला आधींच कळूं लागलें आणि गोंगाटाला आकार आला.

ही दुसरी ध्वनिमुद्रिका म्हणजे १९८८ सालची ‘लेप्रसी’. टँपा शहरांतील मॉरिसाउंड या स्टूडिओंत ती मुद्रित झाली. पुढें याच स्टूडिओंत या पंथाच्या अनेक वृंदांनीं आपलें काम केलें. तींत आठ गाणीं आहेत आणि एकूण वेळ चाळीस मिनिटांहूनही कमी. पहिलें गाणें कुष्ठरोग्याचें: झडत जाणारें शरीर आणि तोंड फिरविणारा समाज. त्याच ध्वनिमुद्रिकेंतील ‘पुल द प्लग’ या गाण्याचे शब्द वाचतांना मात्र मीं कागद खालीं ठेवला. यंत्राच्या बळावर जगविलेला एक रुग्ण तेथें मनांतल्या मनांत सुटकेची विनवणी करीत आहे.

२०२२ च्या पावसाळ्यांत आमचे दादा, म्हणजे माधवाचे आजोबा, एकोणीस दिवस कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्रावर होते. डॉक्टरांनीं आम्हांस विचारलें, आणि “शेवटपर्यंत प्रयत्न करा” असें मींच सांगितलें. घरांत त्याविषयीं कोणी एक अक्षर काढलें नाहीं. सतरा वर्षांचा माधव रोज दुपारीं त्या दालनाबाहेर बसे; त्याला तर कोणी कांहींच विचारलें नव्हतें.

“हें गाणें तूं तेव्हां ऐकत होतास काय?” मीं विचारलें.

“तेव्हांच ऐकूं लागलों, आजोबा. घरांत कोणी बोलत नव्हतें. येथें कोणीतरी बोलत होतें.”

अमेरिकेंत हा प्रश्न १९७६ सालीं न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयापुढें आला होता. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें सन्मानानें मरण्याचा हक्क २०१८ सालीं मान्य केला. या दोहोंच्या मध्यें, एकवीस वर्षांच्या एका मुलानें तो रुग्णाच्या बाजूनें मांडला होता, आणि आम्हीं त्यास कर्कश म्हणून दार लावून घेतलें होतें.

त्यानंतर मी पहिल्या ध्वनिमुद्रिकेकडे परत वळलों. तींत ढोल वाजविणारा ख्रिस राइफर्ट वगळल्यास सर्व वादन आणि गायन एकट्या शुल्डिनरचें आहे. विषय बहुतेक भयपटांतले. १९८१ सालच्या ‘द ईव्हिल डेड’ या चित्रपटावरही त्यांत एक गाणें आहे. शब्द बीभत्स आहेत हें मी लपवीत नाहीं. लहान मुलांच्या हातीं ते देऊं नयेत, आणि त्यांतील कांहीं गाणीं मला अजूनही आवडत नाहींत. पण भुताखेतांच्या गोष्टी रंगवून सांगण्यांत रमलेला विशीच्या उंबरठ्यावरचा पोरगा आतां मला त्यांत दिसूं लागला.

तिसरी, १९९० सालची ‘स्पिरिच्युअल हीलिंग’, हिच्यांत भुतें मागें पडतात. आईच्या कोकेनच्या व्यसनाचे भोग घेऊन जन्मास येणारें मूल, श्रद्धेच्या नांवाखालीं चालणारें ढोंग, असे विषय येतात. जेम्स मर्फीच्या गिटारीमुळें सुरेलपणाही वाढतो. पहिल्या तिन्हींचीं मुखपृष्ठें एड रेपका या एकाच चित्रकाराचीं आहेत, आणि त्यांवरही सांगाड्यांकडून रोग्याकडे व रोग्याकडून भोंदू उपचारकाकडे असा प्रवास दिसतो. १९९१ सालच्या चौथ्या ध्वनिमुद्रिकेचें नांवच ‘ह्यूमन’, म्हणजे ‘मानवी’. तींत ‘कॉस्मिक सी’ ही शब्दांवांचूनची रचनाही आहे; ती मी आतां रात्रीं निजण्यापूर्वीं आपण होऊन लावतों. नवख्यानें दुसरी, पहिली, तिसरी आणि मग चौथी अशा क्रमानें जावें; आवाज बेताचा ठेवावा आणि आरंभीं रोज एकाहून अधिक गाणें ऐकूं नये, एवढें माझ्या अनुभवावरून सांगतों.

१९९९ सालीं शुल्डिनरच्या मेंदूंत गांठ असल्याचें निदान झालें. उपचारांच्या खर्चासाठीं चाहत्यांनीं व सहकलावंतांनीं पैसा उभा केला. १३ डिसेंबर २००१ रोजीं, चौतिसाव्या वर्षीं, तो वारला.

महिना संपल्यावर सर्व मंडळी ओटीवर बसलीं. मी बोलण्यापूर्वींच वहिनींनीं विचारलें, “भाऊजी, काय आहे हो त्यांत?” मीं त्या रुग्णाच्या गाण्याचा अर्थ सांगितला. वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मलाही त्या दिवसांत हेंच म्हणावयाचें होतें. पण मला कोणी विचारलें नाहीं.”

त्यावर मला उत्तर सुचलें नाहीं. आजही सुचत नाहीं. निकाल मात्र लागला. काळा सदरा आरतीला नको, हें माधवानें आपण होऊन कबूल केलें, आणि त्याच्या खोलीचें दार आतां उघडें असतें. वाचकांपैकीं कोणाच्या घरीं असें बंद दार असेल, तर त्यावर हुकूम सोडण्यापूर्वीं त्यांनीं चाळीस मिनिटें आंत जाऊन बसावें, एवढीच विनंति.