श्रवणभक्तीची पूर्वतयारी

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला गणरायाचे आगमन झाले की छत्रपती संभाजीनगरातील सभागृहे कीर्तने, प्रवचने व व्याख्याने यांनी गजबजून जातात. राजाबाजारातील संस्थान गणपती हे या नगरीचे ग्रामदैवत. त्याचे दर्शन घेऊन कीर्तनास येऊन बसणारा भाविक ऐकण्यासाठी येतो. नवविधा भक्तीत पहिले स्थान श्रवणाचे आहे. असे असता मखराच्या सजावटीस आठवडा देणाऱ्या मंडळांनी माईक आणि तारा मात्र आयत्या वेळी जोडाव्यात, हे आम्हांस उचित वाटत नाही.

याविषयीचा एक धडा आपल्या जिल्ह्यात दगडातच कोरलेला आहे. वेरूळचे दहाव्या क्रमांकाचे लेणे हे बौद्ध चैत्यगृह असून लोक त्यास विश्वकर्म्याचे लेणे म्हणून ओळखतात. त्याच्या कमानदार छताखाली लावलेला सूर बराच वेळ घुमत राहतो. संथ घोषाला ते घुमणे शोभते. परंतु कीर्तनकाराच्या वेगवान निरूपणात मागच्या शब्दाचा निनाद पुढच्या शब्दावर पडतो आणि अर्थ बुडून जातो. गुळगुळीत फरशीच्या व उघड्या भिंतींच्या सभागृहांत हेच घडते. आवाज वाढवावा, तर निनादही वाढतो. त्यापेक्षा सतरंज्या अंथराव्यात, जाड पडदे सोडावेत.

माईक मुखापासून वीतभर अंतरावर असावा; फिरत निरूपण करणाऱ्या बुवांना अंगरख्यास लावण्याचा माईक द्यावा. ध्वनिवर्धक माईकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवावेत. त्यांचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरला की कर्कश शीळ उठते व रंगलेल्या कथेचा विरस होतो. दालन लांब असेल तर पुढे एकच प्रचंड ध्वनिवर्धक न ठेवता मध्यभागी आणखी दोन लहान ठेवावेत. ध्वनी सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो; म्हणजे १७ मीटरांवर पोहोचण्यास त्यास सेकंदाचा विसावा भाग लागतो. मधल्या ध्वनिवर्धकांना मिक्सरवर तेवढाच विलंब दिला की मागे बसलेल्या आजीबाईंना शब्द दुहेरी ऐकू येत नाहीत. विजेच्या तारा माईकच्या तारांपासून दूर ठेवाव्यात, म्हणजे घरघर टळते. पावसाळ्याचे दिवस असल्याने अर्थिंगची तपासणी जाणकार वायरमनकडूनच करवून घ्यावी.

आता श्रोते केवळ सभागृहातच असतात असे नाही. २०२० च्या महामारीत शासनाने सार्वजनिक मूर्तींची उंची ४ फुटांपर्यंत मर्यादित केली व घरबसल्या दर्शनाची सोय करण्यास मंडळांना सांगितले. तेव्हापासून अंथरुणास खिळलेले वृद्ध आणि परदेशी गेलेली मुले यांनाही आपण या श्रोतृवृंदात धरले पाहिजे. त्यांच्यासाठी प्रक्षेपणाचा संगणक वाय-फायवर न ठेवता तारेने राउटरला जोडावा, श्रोत्यांच्या मोबाईलना त्या जोडणीवर घेऊ नये, आणि वीज गेल्यास राउटर चालू राहील असा यूपीएस ठेवावा. आवाज कॅमेऱ्याच्या माईकवरून न घेता थेट मिक्सरमधून घ्यावा. एका कार्यकर्त्याने दुसऱ्या खोलीत बसून तो सतत ऐकावा. चित्र क्षणभर थांबले तरी चालते, परंतु शब्द तुटला की कथेचा धागाच तुटतो. प्रक्षेपण काही सेकंद उशिरा पोहोचते. त्यामुळे दूरच्या आप्तांना आरतीत सामील करून घ्यावयाचे तर त्यांच्याकडील माईक बंद ठेवावेत, अन्यथा टाळ्यांचा ताल जुळत नाही.

आणखी एक पथ्य. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक लावण्यास मनाई आहे. काही ठरावीक दिवशी शासन मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. बंदिस्त सभागृहात आतल्या आत आवाज पोहोचविण्यास नियमांत मुभा आहे. मात्र दारे-खिडक्या उघड्या ठेवून तो शेजारच्या आजाऱ्याच्या उशाशी नेणे ही त्या मुभेची थट्टाच होय.

म्हणून सर्व मंडळांस आमची विनंती आहे की, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सर्व साहित्य मांडून पाहावे. एकाने व्यासपीठावरून एखादा अभंग सावकाश, नेहमीच्या आवाजात म्हणावा आणि दुसऱ्याने शेवटच्या ओळीत बसून तो लिहून घ्यावा. एकही अक्षर न चुकता लिहिले गेले, तर तयारी पूर्ण झाली असे समजावे.