शहरातून परतल्यावर : हातचा रुपया किती दिवसांनी परत येईल?



मीरा-भाईंदर हे कोकणातील अनेक कुटुंबांचे दुसरे घर आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले होते. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या. काहींनी गाव गाठले, तर काही स्वस्त जागेच्या शोधात भाईंदर, नालासोपारा, विरारकडे सरकले. खानावळ, शिलाईचे दुकान, स्टीलच्या भांड्यांचा छोटा कारखाना अशा धंद्यांवर संसार उभे राहिले.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. विक्री थांबली, पण गाळ्याचे भाडे आणि कर्जाचे हप्ते उभेच राहिले. अनेकांनी गावची वाट धरली. त्यानंतर दहा आठवड्यांनी, ३ जूनला, निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन ते दापोली भागातील नारळ-सुपारीच्या बागा आडव्या केल्या. धंदा गेला आणि ज्या बागेचा आधार होता तीही गेली.

आजही दुकान बंद करून गावी येणारे बांधव भेटतात. त्यांचा पहिला प्रश्न असतो, "कलमे किती लावू?" हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा, की जमिनीत घातलेला रुपया किती दिवसांनी परत येईल?

आधी ही कामे करा

सातबारा उतारा काढून पाहा. वारस नोंद राहिली असल्यास तलाठ्याकडे अर्ज करा. जमीन सामाईक असेल तर भावंडांची लेखी संमती घेतल्याशिवाय विहीर, गोठा किंवा फळबागेवर पैसा घालू नका. शहरातील कर्ज लपवू नका. बँकेत जाऊन हप्ते वाढवून मिळतील का ते विचारा. शेवटी, सहा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात ठेवा. उरेल तेच भांडवल समजा.

पिकांची निवड मुदतीप्रमाणे

तांबडा माठ २५ ते ३० दिवसांत काढणीस येतो. विद्यापीठाची 'कोकण सदाबहार' ही चवळी ६० ते ६५ दिवसांत तयार होते. भात काढल्यावर पाण्याची सोय असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरात लावलेले कलिंगड सुमारे तीन महिन्यांत हाती येते. पाणी नसेल तर जमिनीतील ओलाव्यावर वाल किंवा कुळीथ घ्यावा. काजूचे कलम तिसऱ्या वर्षी फळ धरू लागते, परंतु भरवशाचे उत्पन्न त्यानंतर आणखी काही वर्षांनी मिळते. हापूसच्या कलमालाही पाच-सहा वर्षे थांबावे लागते.

आता समजा, आपल्याकडे घरखर्च वगळून एक लाख रुपये आहेत. ते सगळे आंब्याच्या कलमांत आणि कुंपणात गेले, तर दुसऱ्याच वर्षी उसनवारी करावी लागेल. त्याऐवजी निम्मी रक्कम भाजीपाला व कडधान्यात फिरवावी, एक चतुर्थांश कलमांसाठी वापरावी आणि उरलेली संकटासाठी राखून ठेवावी. कलमे लहान असेपर्यंत ओळींमधील मोकळ्या जागेत चवळी, वाल घेता येतो. बाग वाढत राहते आणि घरात पैसाही येतो.

माठाचे सर्व वाफे एकाच दिवशी पेरू नयेत. चार वाफे करून दर आठवड्याला एक पेरावा. चौथा पेरून होईपर्यंत पहिला काढणीच्या जवळ येतो. त्यामुळे आठवड्याच्या बाजाराला दर वेळी थोडा माल जातो आणि भाव पडला तरी एकदम नुकसान होत नाही.

टिकणारा माल हवाच

भाईंदरजवळच्या उत्तनच्या किनाऱ्यावर वलांडीवर वाळत घातलेले बोंबील आपण पाहिले असतील. ताजे सगळे खपत नाहीत, म्हणून ते वाळवून ठेवतात. हीच रीत शेतमालालाही लावावी. वाल, कुळीथ, आमसूल हा माल नीट वाळवून ठेवला तर भाव येईपर्यंत थांबता येते. शिवाय मीरा-भाईंदरमधील आपले जुने शेजारी आणि गिऱ्हाईक ही मोठी पुंजी आहे. दहा ओळखीच्या घरांची मागणी आधी लिहून घ्यावी, मगच माल पाठवावा. खाद्यपदार्थ विकण्यापूर्वी अन्न सुरक्षा नोंदणी करून घ्यावी.

अनुदानाविषयी

केंद्राने २०२० मध्ये सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांसाठी योजना आणली. तीत पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान ठेवले होते. मात्र ते बँक कर्जाशी जोडलेले होते आणि स्वतःचा किमान १० टक्के वाटा घालावा लागत असे. अशा योजनांत आधी कर्ज मंजूर व्हावे लागते आणि अनुदान नंतर येते. म्हणून अनुदान हाती पडेल असे धरून यंत्रे घेऊ नयेत. कोणती योजना चालू आहे, हे तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे विचारून घ्यावे.

वही ठेवा

घरची मजुरीही खर्चात लिहा. घरी खाल्लेली भाजी बाजारभावाने उत्पन्नात धरा. घरखर्चाची आणि शेतीची वही वेगळी असू द्या. दर महिनाअखेर एकच गोष्ट पाहा, की घातलेल्या रुपयांपैकी किती परत आले. सलग तीन महिने एखाद्या पिकाचा हिशेब जुळत नसेल, तर ते बदलावे.

धंदा बसला म्हणजे माणूस नालायक ठरत नाही. दुकान चालवलेल्या माणसाला गिऱ्हाईक ओळखता येते, उधारी सांभाळता येते आणि वेळेवर माल देता येतो. गावी आल्यावर या गुणांचा उपयोग करावा. पहिला हंगाम लहान ठेवावा, दुसरा त्याच्या नफ्यातून वाढवावा.